झाकणवाल्या मॅडम

सुरुवातीलाच माफी मागतो. मॅडमवर लिहिण्याचा खरा हक्क त्यांच्याकडे पीएच.डी. पूर्ण केलेल्यांचा आहे. त्यांच्यापैकी दोघं परदेशात असतात, एक दिल्लीला. तिघांनाही विचारून पाहिलं. तिघंही म्हणाले, तूच लिही, तुला वेळ असतो. मला वेळ असतो हे खरं नाही, पण नाही म्हणायला मला कधीच नीट जमलेलं नाही. मी मॅडमचा अर्ध्यातून उठून गेलेला विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे अशा माणसाविषयी काय लिहायचं असतं आणि काय ठेवून द्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. काही चुकलं तर ते माझं समजावं, मॅडमचं नव्हे.

मॅडमच्या प्रयोगशाळेत शिरलं की पहिल्यांदा दिसायचा तो पुठ्ठा. बुटांच्या खोक्याचा कापलेला तुकडा, कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध चिकटपट्टीने लावलेला. पडद्यावर एक आलेख असे. त्याची रेघ डावीकडून यायची, पुठ्ठ्याखाली जायची आणि उजवीकडून बाहेर पडायची. मधल्या भागात ती वर जाते, खाली जाते की सरळच राहते, हे कुणालाही माहीत नव्हतं. मॅडमनाही नाही. पुठ्ठ्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'कृपया पाहू नये. पाहिल्यास कळवावे.' विभागातले बाकीचे लोक त्यांना झाकणवाल्या मॅडम म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं. 'वर्णन अचूक आहे,' एवढंच त्या म्हणत.

मी त्यांच्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गेलो तेव्हा त्या टेपांचं पार्सल सोडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "माझ्याकडेच का?"

वर्गातल्या मुलांनी मला सांगितलं होतं, की अशा वेळी 'विषयाची आवड आहे' म्हणायचं. ते इंग्रजीत पाठही केलं होतं. पण ऐनवेळी आठवलं नाही, म्हणून म्हणालो, "बाकीच्या सरांकडं जागा नव्हती."

"या वर्षीचं हे पहिलं खरं उत्तर," मॅडम म्हणाल्या. "बस, शिंदे. ती कात्री दे."

पुढे सहा-सात वर्षं मी तिथं बसलो, आधी प्रकल्पासाठी आणि नंतर पीएच.डी.साठी.

मॅडमचा विषय होता जड क्वार्क असलेले कण. मला जेवढा कळला तेवढा सांगतो. आपण ज्या प्रोटॉन-न्यूट्रॉनचे बनलो आहोत ते हलक्या क्वार्कचे असतात. जड क्वार्क असलेले कण तयार करावे लागतात, आणि ते टिकत नाहीत. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कणांची टक्कर घडवून बॉटम नावाचा जड क्वार्क असलेले कण तयार करत. असा कण जेमतेम केसाच्या जाडीएवढं अंतर कापतो आणि मोडतो. तो स्वतः कुणाला दिसत नाही, त्याचे तुकडे दिसतात. त्या नोंदी टेपांवर भरून टपालाने पुण्यात येत. जगभरातले दीड-दोनशे लोक तेच करत होते. त्यातल्या मॅडम एक.

"लक्ष्मी रस्त्यावर दोन स्कूटर आदळल्या," मॅडम पहिल्या दिवशी समजावत होत्या. "आपण पोचेपर्यंत टक्कर संपलेली आहे. आपल्याला फक्त काचा दिसतात, सांडलेली भाजी दिसते, आणि कोण कुठं जाऊन पडलाय ते दिसतं. त्यावरून कोण कुठून किती जोरात आला ते काढायचं. फरक एवढाच, की पुण्यात दोघंही सांगतात माझी चूक नव्हती. कण काही सांगत नाहीत. त्यामुळे आपलं काम सोपं आहे."

मॅडम शोधत होत्या ते या कणांचं एक विशिष्ट मोडणं. तसा मोडताना तो आजवर कुणाला सापडला नव्हता. तुकड्यांवरून मूळ कणाचं वजन काढायचं, अशी लाखो वजनं एका आलेखावर मांडायची, आणि योग्य वजनापाशी उंचवटा येतो का ते पाहायचं. उंचवटा आला तर शोध लागला. मॅडमनी ज्यासाठी उमेदीची सगळी वर्षं दिली होती तो प्रश्न एवढाच होता, आणि त्याचं उत्तर त्या पुठ्ठ्याखाली होतं.

मी अर्थातच विचारलं, की मग पाहत का नाही.

"कारण अजून कचरा गाळायचे नियम ठरलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "लाखो नोंदींतल्या बहुतेक निरुपयोगी असतात. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या टाकायच्या हे आपणच ठरवतो. उत्तर बघत बघत ठरवलं, तर ज्या नियमाने उंचवटा वाढतो तोच नियम आपल्याला शहाणपणाचा वाटायला लागतो. यात कुणी लबाड नसतं, शिंदे. माणूस लबाड नसतो. माणूस आशाळभूत असतो."

म्हणून आधी आजूबाजूचा भाग बघून सगळे नियम ठरवायचे, जगभरच्या सहकाऱ्यांकडून ते मान्य करून घ्यायचे, आणि मगच झाकण काढायचं. एकदा काढलं की नियम बदलायचा नाही. या विषयातले सगळेच लोक असं काहीतरी करतात. पण त्यांचं झाकण प्रोग्रॅममध्ये असतं. आमचा प्रोग्रॅम जुना होता, तो सगळाच आलेख काढायचा. बदलायला बरेच दिवस गेले असते. मॅडम म्हणाल्या, पुठ्ठा लवकर होतो.

त्यात त्यांनी स्वतःची एक भर घातली होती. झाकण काढायच्या आधी पेढे आणायचे.

"आणि खाली काही निघालं नाही तर?" मी विचारलं.

"तरी वाटायचे. ते नाही, हे कळणं ही बातमीच आहे. पेढे उत्तराचे नसतात. प्रश्न नीट विचारला, त्याचे असतात."

मला हे पटलं नव्हतं. आमच्याकडे पेढे पास झाल्यावर वाटतात.

मॅडम ही शिस्त प्रयोगशाळेच्या दाराशी काढून ठेवत नसत. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिल्यांदा सगळ्यांच्या नावांचे कोपरे दुमडून त्यांना टाचण्या लावत. त्या सदाशिव पेठेत एकट्याच राहत. घरी जाताना रिक्षाला हात करायच्या आधी त्या क्षणभर थांबत. का थांबतात ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. रिक्षावाला नाही म्हणाला तर चालत जायचं की बसने, हे त्या आधी ठरवत. मग हात करत. रिक्षावाला नाही म्हणे. मॅडम 'धन्यवाद' म्हणून चालू लागत. रिक्षावाल्याच्या नकाराने चेहऱ्यावरची रेघ न हललेली अशी दुसरी व्यक्ती मी पुण्यात पाहिली नाही.

एकदा आमचे आबा प्रयोगशाळेत आले. आमची वारज्याला भाजीची शेती होती. बाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यात ती निम्मी गेली आणि उरलेल्या निम्मीच्या चारही बाजूंनी इमारती आल्या. आबांना दुपारचं काही काम राहिलं नव्हतं, म्हणून पोरगा काय करतो ते बघायला आले. टोपी काढावी की ठेवावी हे न कळून ती हातात धरून उभे राहिले. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपली खुर्ची दिली.

आबांनी पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्याडम, ह्यो पुठ्ठा कशापायी?"

"त्याच्यामागं काय आहे ते आम्हाला बघायचं नाही, आबा."

"मग मागचं काढून टाका की."

"तेच तर शेवटी बघायचंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवत्यात, तसलंच हाय म्हना की. भवतीच्यांना दिसाया नको."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "फक्त इथं ज्यांची बोटं आहेत त्यांनाही कळत नाही."

आबा हसले. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "बाई चांगल्या हायेत. पर ह्यात पोटापान्याचं काय हाय का?"

आता तो दिवस. विभागाची पाहणी करायला बाहेरची समिती येणार होती. विभागप्रमुखांनी भिंती रंगवून घेतल्या, बंद पडलेली यंत्रं पुसून घेतली, कुंड्या आणवल्या. सर वाईट नव्हते. पण समिती म्हटली की त्यांना हातपाय हलवल्याशिवाय राहवत नसे. आमच्या नियमांपैकी शेवटचे दोन ठरायचे राहिले होते आणि झाकण काढायला जेमतेम महिना होता. माझा प्रबंधही त्याच आलेखावर उभा राहणार होता.

समिती आमच्या खोलीत आली तेव्हा मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या, मी कॉम्प्युटरपाशी. "आणि हा आमचा आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विभाग," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांना तो बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दिसला. रंगवलेल्या भिंतींमध्ये तो फारच वाईट दिसत होता. "अहो, हे काय लावून ठेवलंय!" असं म्हणत त्यांनी तो एका झटक्यात काढला.

उंचवटा होता.

लहान नव्हता. जिथे असायला हवा तिथेच होता, योग्य वजनापाशी, मधोमध, कुणी मुद्दाम काढून ठेवावा तसा. समितीतले एक गृहस्थ त्याच क्षेत्रातले होते. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "मॅडम, अभिनंदन!" दुसऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सर तर आनंदाने लाल झाले. आबांना काय सांगायचं याची वाक्यं मनात तयारही झाली होती.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुणी कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी आनंदाने हात वर केले. मीही केला. मॅडमनी स्वतःचाही केला.

"मग या नोंदी आता वापरता येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

सरांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "अहो मॅडम, पण उंचवटा दिसतोय ना!"

"म्हणूनच."

"म्हणजे नसता दिसला तर चाललं असतं?"

"नाही. तेव्हाही चाललं नसतं. पण मग तुम्ही विचारलं नसतंत."

समिती पुढच्या खोलीत गेली. मॅडमनी पुठ्ठा जमिनीवरून उचलला, झटकला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्याच दुपारी त्यांनी परदेशातल्या सगळ्या सहकाऱ्यांना ईमेल पाठवली : आमच्याकडून झाकण वेळेआधी निघालं आहे; दोन नियम ठरायचे होते; आता आम्ही जे ठरवू ते उंचवटा डोळ्यासमोर ठेवूनच ठरेल. काही जणांनी उत्तर दिलं, की हे कळवलं नसतं तरी कुणाला समजलं नसतं. मॅडम म्हणाल्या, "सभ्य लोक आहेत. पण पाटीवर मीच लिहिलंय, पाहिल्यास कळवावे." शेवटी ठरलं ते असं, की या नोंदींवर फक्त नियम पक्के करायचे, आणि उत्तरासाठी पुढच्या, नव्या नोंदी वापरायच्या. त्या जमायला कित्येक वर्षं लागणार होती. मॅडमच्या निवृत्तीला तेवढी उरली नव्हती.

मी एकदाच विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं, तो खरा असेल?"

त्या म्हणाल्या, "फार वाटतं रे. म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवता येत नाही." आणि टेपा आवरायला लागल्या. त्यांचा आवाज बदललेला मी तेवढाच ऐकला.

त्यानंतर पुठ्ठ्यावर भरवसा उरला नाही. प्रोग्रॅममध्येच झाकण घालायचं काम त्यांनी मला दिलं. मला तेव्हा प्रोग्रॅमिंग जेमतेम येत होतं. दुसऱ्याने लिहिलेला तो अगडबंब प्रोग्रॅम वाचत वाचतच मी शिकलो. मॅडमच्या सांगण्यावरून त्यात दोन प्रश्न घातले. झाकण काढायला गेलं की प्रोग्रॅम आधी विचारी : 'नियम ठरले का?' आणि मग : 'पेढे आणले का?' दोन्हींना होकार दिल्याशिवाय तो पुढे जात नसे. त्या प्रश्नांच्या वर नियम लिहायची जागा आणि खाली, प्रोग्रॅम लिहिणारा म्हणून, माझं नाव. जगात माझं नाव छापलेलं तेवढंच होतं.

ते दिवस दोन हजार साल जवळ आल्याचे होते. कंपन्यांना तारखा दुरुस्त करून घ्यायला जुने प्रोग्रॅम वाचू शकणारी माणसं हवी होती, आणि जुना प्रोग्रॅम वाचण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. एका कंपनीत मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, तुम्ही काय बनवलंय? मी म्हणालो, "उत्तर न दाखवणारा प्रोग्रॅम." ते एकमेकांकडे पाहून हसले. निकाल फोनवर विचारायचा होता.

मी एसटीडी बूथवर जायला निघालो तसं मॅडमनी थांबवलं. "लागली तर काय करणार?"

"बघू."

"बघू नाही. लागली तर काय आणि नाही लागली तर काय, ते आधी ठरव. मग फोन कर. नाहीतर पलीकडचा माणूस जे बोलेल तेच तुला स्वतःचं मत वाटायला लागेल."

मी तीन दिवस फोन केला नाही. आबांचे गुडघे गेले होते, शेवटच्या तुकड्याचाही व्यवहार चालला होता, धाकट्या बहिणीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. नवा प्रबंध म्हणजे आणखी कित्येक वर्षं. मी ठरवलं, लागली तर जायचं. नाही लागली तर राहायचं आणि कुरकुर करायची नाही. मॅडमना तसं सांगितलं. मग फोन केला. लागली होती.

मला वाटलं होतं त्या काही बोलतील, थांब म्हणतील. मी थांबलोही असतो. त्या म्हणाल्या, "ठरवलंस आणि मग विचारलंस. नीट झालं. जा." मग ड्रॉवर उघडून त्यांनी पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. इथं आता तुझं झाकण आहे."

तो पुठ्ठा मी कुठं ठेवणार? कंपनीत माझ्या टेबलावर ठेवला तर लोक 'पाहू नये' वाचून मागं काय आहे ते बघत. मागं बुटांचा नंबर होता.

पुढे भेटी कमी होत गेल्या. दिवाळीला मी सदाशिव पेठेत फराळाचा डबा घेऊन जायचो. पहिल्या दिवाळीला विचारलं, नव्या नोंदी किती आल्या. त्या म्हणाल्या, "येतायत." दुसऱ्या दिवाळीलाही तेच. मग त्या निवृत्त झाल्या, तरी रोज विभागात जात. एकदा म्हणाल्या, "वैशाली नावाची मुलगी आली आहे. तिलाही बाकीच्यांकडं जागा मिळाली नव्हती." मग माझी बदली झाली, दोन वर्षं परदेशात गेलो, आणि परत आल्यावर दिवाळीला जायचं राहत गेलं.

परवा संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये होतो. बस हिंजवडीहून निघून वारज्याच्या पुलावर नेहमीसारखी अडकली होती, साधारण जिथे आमची वांगी असायची त्याच्यावर. फोन आला.

"शिंदे सर का? मी वैशाली. मॅडमची विद्यार्थिनी. सर, मॅडम गेल्या. मागच्या महिन्यात."

ती बोलत राहिली. मॅडम बरेच दिवस आजारी होत्या. नियम तेव्हाच ठरले होते, पण सहकाऱ्यांची शेवटची मान्यता यायची होती. ती येईपर्यंत मॅडम टिकणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वैशालीने दवाखान्यात विचारलं होतं, की मी एकटीच बघू का आधी, आणि फक्त तुम्हाला सांगू का.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मग तुझ्या तोंडावर झाकण कुठून आणू?"

बस थोडी पुढे सरकली आणि थांबली.

"मान्यता आज आली, सर. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, उघडताना शिंद्याला फोन कर, झाकण त्याचं आहे. म्हणून केला. मी कॉम्प्युटरसमोरच बसलीय. सगळे आलेत. उघडू?"

मी विचारलं, "नियम ठरले का?"

"ठरले. कुठलाच बदललेला नाही."

"पेढे आणले का?"

"आणलेत. मॅडमनी दवाखान्यात जायच्या आधीच सांगितलं होतं कुठून आणायचे ते."

"मग उघडा."

फोनमधून बटणांचा आवाज आला. मग कसलाच आला नाही. मला तो उंचवटा दिसत होता, मधोमध, कुणी मुद्दाम काढून ठेवल्यासारखा. फार वाटत होतं.

"सर," वैशाली म्हणाली. "सरळ रेघ आहे. काही नाही इथं."

"नक्की?"

"नक्की. एकदम सरळ."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग वाटा पेढे," मी म्हणालो.